तीन रंगांची जीप

नाना गाडी विकत घेण्याआधी ती गालाला लावून पाहायचे.

खेळण्यातली गाडी. बोटभर लांबीची, धातूची, रबरी चाकांची. जळगावच्या बाजारात, खेळण्यांच्या दुकानासमोर, साठीला आलेला एक उंच माणूस छोटी मोटार गालाला टेकवून डोळे मिटून उभा आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात बघायला लागले. आपण यांच्यासोबत आलोय हे कोणाला कळू नये, असं वाटलं. त्याची मला आता लाज वाटते. गार लागली तर गाडी धातूची, नाहीतर प्लॅस्टिकवर चढवलेला चकचकीत रंग, अशी त्यांची पारख होती. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत ते गाडी घेत नसत. जळगावच्या उन्हात सगळंच तापलेलं असतं. "उन्हाळ्यात गाल फसवतो," असं म्हणायचे.

त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, मला खात्री नाही. तीन वर्षं मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहिले. आमचं गाव रावेर तालुक्यात. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे खोली कशी बघायची, काय विचारायचं, हे मला आणि माझ्या वडिलांना दोघांनाही माहीत नव्हतं. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. प्रश्न नानांनीच विचारला.

"पोरी, गच्चीवर एकटी जायला भिशील का?"

मी नाही म्हणाले.

"मग खोली तुझी. कपडे वाळत घाल, अभ्यास कर, मैत्रिणी आण. फक्त अँटेनाला दोरी बांधायची नाही."

गच्चीवर खरंच एक अँटेना होती. जुनी, ॲल्युमिनियमच्या काड्यांची, लोखंडी पाइपावर उभी केलेली. तिला वायर नव्हती. घरात चालू टीव्हीही नव्हता. तरी दर रविवारी सकाळी नाना तिच्या काड्या फडक्यानं पुसायचे आणि पाइपाच्या बुडाशी थोडं ग्रीस लावायचे. ते वीज खात्यात लाइनमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. जन्मभर खांबावर चढलेल्या माणसाला उंचीवर काहीतरी करायला हवं असतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

खाली बैठकीत मात्र टीव्ही होते. पाच. जुन्या काळचे, लाकडी खोक्यांचे, पुढे सरकतं शटर असलेले. आतलं सगळं काढून टाकलेलं आणि तिथे काचेच्या फळ्या बसवलेल्या. त्या फळ्यांवर गाड्या. पोलिसांची गाडी, टपालाची गाडी, काळी-पिवळी टॅक्सी, साखर कारखान्यावरचा ट्रक, एका श्रीमंत खलनायकाची लांबलचक मोटार. प्रत्येक गाडी टीव्हीवरच्या कुठल्यातरी जुन्या मालिकेतली. तयार मिळाली तर ठीक, नाहीतर तशाच बांध्याची दुसरी आणून नाना तिला तेलरंग द्यायचे आणि टाचणीच्या टोकानं नंबर लिहायचे. जी गाडी मालिकेत नव्हती, तिला घरात जागा नाही, हा नियम.

माझे वडील एकदा केळीचा घड घेऊन आले. शटर उघडी होती. वडिलांनी कौतुकानं विचारलं, "नातवंडं किती तुम्हाला?"

"एकही नाही."

वडील गोंधळले. फळ्यांवर नजर फिरवून म्हणाले, "केळीचा ट्रक दिसत नाही यात."

"कोणत्या मालिकेत होता?" नानांनी लगेच विचारलं.

"मालिकेत कशाला पाहिजे? आमच्या बांधावर रोज उभा असतो."

"मग तिथंच बरा आहे तो," नाना म्हणाले, आणि दोघंही हसले. त्यानंतर वडील गावाकडून फोन करायचे तेव्हा माझ्या अभ्यासाआधी विचारायचे, "ते गाड्यावाले नाना काय म्हणतात?"

रविवारी सकाळी नऊला नाना शटर उघडत. त्यांची बायको, जिला मी मावशी म्हणायचे, चहा आणायची. मग नाना एखादी गाडी तळहातावर घेऊन तिची गोष्ट सांगायचे. "ही सुरू होताना तीनदा खोकायची. चौथ्यांदा खोकली की समजायचं, हवालदार आज पोहोचत नाही." "हिचं दार दोनदा आपटावं लागायचं. पहिल्यांदा ठक्, दुसऱ्यांदा खट्." एका मालिकेतल्या बसचा ब्रेक ते तोंडानं असा वाजवायचे की गल्लीतलं कुत्रं उठून बघायचं. सगळं आवाजात सांगायचे. त्यांच्या गोष्टींमध्ये चेहरे फार नसायचे. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

कोणी बोलताना अडखळलं की ते म्हणायचे, "मुंग्या आल्या." पूर्वी टीव्हीवर चित्र गेलं की पडदाभर काळेपांढरे ठिपके वळवळायचे, त्यांना मुंग्या म्हणत, हे मला मावशीनं सांगितलं. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेआधी मी त्यांच्यासमोर उत्तरं म्हणून बघत होते. मला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. दुसऱ्याच वाक्याला अडले.

"थांब. मुंग्या आल्या," नाना म्हणाले. "डोकं जरा उजवीकडं कर. अजून थोडं. बस. आता हलू नको. बोल."

मी मान तशीच वाकडी ठेवून पूर्ण उत्तर म्हटलं. परीक्षेतही मी थोडी उजवीकडे मान करून बसले होते. परीक्षक बाईंनी विचारलं, "मान दुखते का?" पण उत्तर आलं.

आता जीपबद्दल.

मधल्या टीव्हीत, मधल्या फळीवर, एकच गाडी असायची. ती जीप होती. वरचं टप निळं, मधला भाग केशरी, आणि खालचा सगळा हिरवा. चाकंसुद्धा हिरवी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, कोणीतरी पंधरा ऑगस्टला रंगवायला घेतली आणि रंगांचा क्रम चुकला. खेडोपाडी फिरणाऱ्या एका डॉक्टरची मालिका पूर्वी लागायची, तिच्यातली ही जीप. बाकीच्या गाड्या नाना कोणाच्याही हातात द्यायचे. लहान मुलांच्यासुद्धा. ही नाही. ही फक्त दाखवायचे.

एकदा नाशिकहून एक गृहस्थ आले होते, तेही अशाच गाड्या जमवणारे. त्यांनी सगळ्या गाड्यांची वाहवा केली आणि जीपशी आल्यावर हसले. "नाना, ही काय केली? अशी जीप जगात कुठे असते?" नाना म्हणाले, "तुमच्याकडं नसेल." आणि शटर ओढून घेतलं. पाहुण्यांचा चहा अजून यायचा होता.

मला तेव्हा नानांची काळजी वाटली होती. एवढा नेमका माणूस, नंबर टाचणीनं लिहिणारा, आणि त्याच्या सगळ्यात आवडत्या गाडीला लोक हसतात. आपण शिकतोय, आपल्या हातात मोबाइल आहे, आपण खरं काय ते शोधून द्यावं, असं मला वाटलं. कॉलेजात आमचे सर नेहमी सांगायचे की ऐकीव माहितीवर थांबू नका, मुळाशी जा. मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

तिसऱ्या वर्षी मार्च महिन्यात मला ती मालिका मोबाइलवर सापडली. कोणीतरी तिचा एक भाग टाकला होता. रंगीत. जीप पांढरी होती. धुळीनं मळलेली, साधी पांढरी जीप.

मी धावतच खाली गेले. नाना ओट्यावर होते. "नाना, सापडली! डॉक्टरची मालिका!"

ते उभे राहिले. मी मोबाइल समोर धरला. सुरुवातीचं संगीत लागलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. संगीत संपेपर्यंत मिटलेलेच होते. मग उघडले आणि बराच वेळ बघत राहिले. जीप आली, धुरळा उडवत गेली, पुन्हा आली.

"आवाज तोच शे," ते म्हणाले.

नाना मूळचे दोंडाईचाचे. माझ्याशी ते साधी मराठी बोलायचे, पण मनातलं काही निघालं की अहिराणी यायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं. मला तेव्हाच थांबायला हवं होतं.

"आणि नाना, बघा, जीप पांढरी आहे." मी चित्र थांबवून मोठं करून दाखवलं. "आता ते नाशिकचे काका काही बोलू शकणार नाहीत. आपण हिला बरोबर रंग देऊ."

नानांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले, आणि आत गेले.

पुढच्या रविवारी नऊ वाजले तरी शटर उघडली नाहीत.

मी मावशीला विचारलं. ती जिन्यात गहू निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं. "अगं, त्यांनी ती मालिका कधी बघितलीच नव्हती. कुठलीच नाही बघितली."

मला कळेना.

"त्यांच्या गल्लीत एकच टीव्ही होता, एका शेटजींकडे. रविवारी सगळी गल्ली तिथं. पण वारा सुटला की अँटेना फिरायची आणि चित्र जायचं. मग कोणीतरी वर पाहिजे ना धरायला. हे तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे, उंच. हे वर. आतून लोक ओरडणार, आलं, गेलं, थोडं डावीकडं, मुंग्या आल्या. मालिका संपेपर्यंत वर. खिडकीतून आवाज तेवढा यायचा."

"आणि गाड्या?"

"अक्का आत बसायची. त्यांची धाकटी बहीण, पण सगळे अक्काच म्हणतात, तेव्हा दहा वर्षांची असेल. घरी जाताना रस्त्यात ती यांना सगळी मालिका सांगायची. कोण कुठं उभं होतं, कोणती गाडी, कसा रंग. हे विचारणार, ती सांगणार. त्या सगळ्या गाड्या अक्कानं सांगितलेल्या आहेत. बाकीच्यांचे रंग यांनी रस्त्यावर बघितलेले होते, जीपचा तेवढा तिनं सांगितला तोच दिला." मावशीनं सूप पुन्हा उचललं. "आखाजीला येईल ती धुळ्याहून. दर आखाजीला येते. घरात पाय ठेवला की पाण्याच्या आधी जीप मागते."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात सासरी गेलेल्या मुली तेव्हा माहेरी येतात. अक्काचे आईवडील राहिले नव्हते, म्हणून तिचं माहेर म्हणजे नानांचं घर. मी दर वर्षी आखाजीला गावी जायचे, त्यामुळे तिला कधी भेटले नव्हते.

मी बैठकीत गेले. नानांनी जमिनीवर जुना कागद पसरला होता. स्टीलच्या वाटीत थिनर होतं आणि त्यात जीप. निळा रंग सुटून वाटीभर झाला होता. केशरी निघत होता. चाकं अजून हिरवी होती.

"नाना, राहू द्या ना. होती ती छान होती."

"कसाले?" त्यांनी वर पाहिलं नाही. "चुकीचं कसाले ठेवानं? तू कॉलेजात शिकस. तू सांगस ते खरं."

ते रागावून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्यावर सरळ विश्वास ठेवला होता. आमच्या घरातही तसंच व्हायचं. मी शिकते म्हणून माझं म्हणणं कोणी तपासून बघत नसे. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली. अक्का येईल, जीप मागेल, आणि तिला कळेल की इतकी वर्षं तिनं सांगितलेलं चूक होतं. तेही माझ्यामुळे. मी वर जाऊन वहीचं पहिलं पान उघडलं आणि पुन्हा मिटलं.

त्या वर्षी परीक्षा मध्येच आली म्हणून आखाजीला मी जळगावलाच राहिले. मावशीनं आदल्या दिवशीच मांडे भाजायचं मातीचं खापर काढून ठेवलं होतं. सकाळी मांडे झाले, आमरस झाला. दुपारी बारा-साडेबाराला अक्का धुळ्याच्या बसनं आली. बुटकी, हसरी, घामाघूम. पिशवी दारात टाकून म्हणाली, "भाऊ, मनी जीप कोठे शे?"

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. नानांनी मधल्या टीव्हीचं शटर सरकवलं.

पांढरी जीप फार सुंदर झाली होती. हे मला सांगितलंच पाहिजे. दारांच्या फटीसुद्धा बारीक काळ्या रेषेनं काढल्या होत्या. चाकं काळी.

"दख," नाना म्हणाले. "आते बरोबर शे. खरी अशीच व्हती. आमनी पोरगीनी मोबाइलवर दखाडी."

अक्कानं जीप हातात घेतली. तिला ती हातात घ्यायला परवानगी लागत नव्हती. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. मग परत फळीवर ठेवली.

"ही डॉक्टरनी शे," ती म्हणाली. "आपली कोठे शे?"

मीच पुढे झाले. मीच शोधलं, मीच दाखवलं, नानांची काही चूक नाही, असं काहीतरी मी बोलले. पुढचं बोलणं त्या दोघांचं अहिराणीत झालं. मला ती कळते, पण एवढी सलग लिहिता येत नाही, म्हणून माझ्या भाषेत सांगते.

अक्का म्हणाली, "दाखव बघू ती मालिका."

मी लावून दिली. तिनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला, आणि एकदम हसायला लागली. "अरे देवा! हा डॉक्टर इतका गोरा होता? आमच्या डॉक्टरचं डोकं निळं होतं!"

"निळं?" नाना म्हणाले.

"निळंच ना. पोट केशरी, पाय हिरवे. सगळ्यांचेच. शेटजींच्या टीव्हीला पुढून ती काच लावलेली होती ना, प्लॅस्टिकची, रंगीत. टीव्ही काळापांढरा, मग रंगीत दिसावा म्हणून. वरून निळी, मधून केशरी, खालून हिरवी."

नानांना हे इतकी वर्षं कसं माहीत नव्हतं, याचं मला अजून नवल वाटतं. पुढे नोकरीत त्यांनी किती घरांच्या तारा जोडल्या असतील. पण ते खांबावर असत, घरात दुसरं कोणी जात असे. किंवा त्यांनी कधी कुठे तशी काच पाहिलीही असेल, आणि तिचा जीपशी संबंध जोडला नसेल. मी विचारलं नाही.

"म्हणजे," नाना सावकाश म्हणाले, "इतकी वर्षं मी गाडीला नाही, काचेला रंग दिला?"

मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग नानाही हसले. पण हसता हसता ते थांबले आणि त्यांनी अक्काला विचारलं, "मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस, काच आहे म्हणून?"

"मला कुठं माहीत होतं? मी पहिल्यांदा टीव्ही बघितला तो तसाच. मला वाटलं, जग मधून केशरी असतं." अक्कानं पदरानं मान पुसली. "आणि मी बघता बघता सगळं पाठ करायची, भाऊ. वर तू उभा आहेस, तुला घरी जाताना सांगायचंय, म्हणून. तू विचारायचास, चाकं कशी होती? मी म्हणायची, हिरवी. तू कधी म्हणाला नाहीस की चाकं हिरवी कशी असतील."

मग ती माझ्याकडे वळली. "ती मालिका बघून मला नर्स व्हायचं होतं. दहावी झाली आणि लग्न झालं. तिकडं कोणी काही विचारत नाही बाई, आपण आपलं करत राहायचं. मी काही सांगितलं आणि ते कोणी जसंच्या तसं केलं, असं आजपर्यंत एकच आहे. ती जीप." हे ती अगदी सहज बोलली, भाजीचा भाव सांगावा तसं. "तू शिकतेस ना? शिक. पण मला माझी जीप पाहिजे."

नाना उठले. कपाटातून निळ्या, केशरी, हिरव्या रंगाचे डबे काढले, दोन कुंचले घेतले, पांढरी जीप उचलली.

"जेवण?" मावशी ओरडली. "मांडे गार होताहेत!"

"झालंच," नाना म्हणाले आणि जिन्यानं वर निघाले. माझ्या शेजारून जाताना थांबले. "तू जिन्यातच बस. तिचा आवाज आता वरपर्यंत येत नाही, आणि मला ऐकूही कमी येतं."

गच्चीवर भर दुपारचं ऊन होतं. अँटेनाच्या पाइपाला पाठ टेकून, डोक्यावर रुमाल टाकून नाना मांडी घालून बसले. खाली अक्का बैठकीत, रिकाम्या मधल्या टीव्हीसमोर, पाय पसरून बसली. मी मधल्या पायरीवर. माझ्या हातात मोबाइल होता, तो मी बंद करून पायरीवर पालथा ठेवला.

"टप?" वरून आवाज आला.

"निळं!" खालून अक्का म्हणाली.

"निळं!" मी वर पोहोचवलं.

"कसं निळं? गडद?"

"शाईसारखं नाही, पाण्यासारखं."

मी तेही पोहोचवलं. मग बराच वेळ काही नाही. मग दारं. मग मागची बाजू. मधूनच मावशी स्वयंपाकघरातून म्हणायची, "अजून कोणता भाग चालू आहे?" आणि अक्का म्हणायची, "आता जाहिराती चालू आहेत, वहिनी."

"चाकं?" नानांनी विचारलं.

मी महिन्याभरापूर्वी ती जीप दहा वेळा थांबवून, मोठी करून पाहिली होती. चाकं काळी होती.

"हिरवी!" मी अक्काची वाट न बघता ओरडले.

खालून अक्का हसली. मी मान उंचावून वर पाहिलं. नानांनी ओली जीप बोटांच्या टोकांत धरून उन्हात उंच केली होती, पूर्वी अँटेना धरत असतील तशी, दोन्ही हात वर करून.

"मुंग्या गेल्या का?" त्यांनी विचारलं.

अक्कानं उत्तर दिलं, पण इतक्या हळू की ते मलाच कसंबसं ऐकू आलं. मी दोन पायऱ्या वर चढले आणि त्यांना सांगितलं.

"गेल्या म्हणतात. आता हलू नको, भाऊ."